जुन्या गाडीचं कूलंट जातं कुठे? गळती शोधण्याची रीत

खाली डबकं नाही, पार्किंगमध्ये डाग नाही, तरी आठ-दहा दिवसांनी बोनेट उघडलं की कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीतली पातळी उतरलेली. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गाडीत हे नेहमीचं दुखणं. मिस्त्रीकडे नेली की आधी रेडिएटर बदलायला सांगतात, मग वॉटर बॉडी, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप, आणि शेवटी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलायची भाषा सुरू होते. यातलं एखादं खरंही असेल. पण कुठून गळतंय हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. अंदाजाने पार्ट बदलत गेलं की खर्च तिप्पट होतो आणि गळती बहुतेक वेळा साध्या क्लिपेत सापडते.

नागपुरात आणखी एक अडचण आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, हवा कोरडी ठणठणीत आणि बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. अशा वेळी बारीक गळतीचा थेंब जमिनीवर पडतच नाही, वाटेतच वाळतो. खाली पुठ्ठा अंथरून सकाळी पाहिलं तर पुठ्ठा कोरडा, आणि माणूस समजतो की गळती इंजिनाच्या आतच आहे. म्हणून आपल्याकडे ओल शोधत बसायचं नाही, वाळलेला थर शोधायचा. आणि ओलच पाहायची असेल तर इंजिन गार असताना आत दाब भरायचा.

हात घालण्याआधी

चालू गाडीत कूलंटवर साधारण ०.९ ते १.१ बार दाब असतो, त्यामुळे ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. रेडिएटरची टोपी उघडली की दाब जातो, तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. फडकं धरून पाव फेरा फिरवण्याचा प्रकारही नको. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी उघडा. घाईच असेल तर दोन-तीन तास थांबा, रेडिएटरचा वरचा जाड पाईप दाबून पाहा. तो गार आणि मऊ लागला तरच टोपीला हात लावा.

बऱ्याच गाड्यांत विजेवर चालणारा पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरतो. बोटं आत घालणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, मग खरोखरच हेड खोलावं लागतं.

आधी पक्कं करा: गळतं ते कूलंटच आहे का?

उन्हाळ्यात डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या खालून टपटपणारं पाणी बहुतेक वेळा एसीचं असतं. ते स्वच्छ असतं, वास नसतो, वाळल्यावर खूण राहत नाही. कूलंट बोटांत चोळलं तर तेलकट-गुळगुळीत लागतं, गोडसर वास येतो आणि हिरवी, गुलाबी किंवा निळी झाक असते. चव घेऊन पाहू नका. इथिलीन ग्लायकोल विषारी आहे. गाडीत वर्षानुवर्षं नुसतं बोअरचं पाणी भरलेलं असेल तर मात्र रंगही नसेल आणि वासही नसेल. तिथे गंजाचा तांबूस ओघळ किंवा क्षाराचा पांढरा पापुद्रा एवढाच पुरावा.

पट्टी आणि वही

टाकीवर पातळीच्या रेषेला चिकटपट्टी लावा. रोज सकाळी, गाडी त्याच सपाट जागी असताना आणि इंजिन गार असताना पातळी पाहा. गरम इंजिनात ती वर चढतेच, त्यामुळे संध्याकाळच्या नोंदीला अर्थ नाही. वहीत तारीख, किलोमीटर, गाडी कुठे चालली आणि किती भरावं लागलं ते लिहा. भरताना मेडिकल स्टोअरमधली ५० मिलीची सिरिंज किंवा मापाचा पेला वापरा. ‘थोडंसं टाकलं’ या नोंदीचा काही उपयोग होत नाही.

आठवड्याभरात वही बोलायला लागते. गाडी नुसती उभी राहूनही पातळी उतरत असेल तर गळती बाहेरच्या जोडांत आहे: पाईप, क्लिप, रेडिएटरचा तळ. बर्डीच्या गर्दीत, व्हरायटी चौकात सिग्नलवर अडकल्यावरच कमी होत असेल तर आधी पंखा पाहा. पंखा फिरत नाही, पाणी उकळतं आणि टोपीतून टाकीत व तिथून बाहेर जातं. यात गळती मुळात नाहीच. आणि शहरात पातळी ठीक, पण वर्धा रोडने बुटीबोरीला जाऊन आलं की दोन पेले कमी, असं असेल तर दाब आणि वेग वाढल्यावरच उघडणारी जागा शोधायची: टोपी, वॉटर बॉडी, किंवा वाईटात वाईट म्हणजे हेड गॅस्केट, हेड आणि त्याखालच्या ब्लॉकच्या मधलं सील.

हिवाळ्यात एक वेगळीच तक्रार येते. जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास आला की खाली थेंब दिसतात, दिवसभर काही नाही. रबर थंडीत आक्रसतं, जुनी क्लिप त्याच्याबरोबर आवळली जात नाही. इंजिन तापलं की रबर फुगतं आणि जोड पुन्हा बंद होतो. ही क्लिपेची गळती. वॉटर बॉडीला दोष देऊ नका.

टोपी: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

टोपीत दोन झडपा असतात. मोठी स्प्रिंगवाली झडप ठरलेल्या दाबाला उघडते आणि जास्तीचं कूलंट प्लॅस्टिकच्या टाकीत सोडते. मधली छोटी झडप इंजिन गार होताना उघडते आणि तेच कूलंट रेडिएटरमध्ये परत ओढते. मोठी कमजोर झाली तर कूलंट लवकर बाहेर पडतं. छोटी अडकली, किंवा टाकीकडे जाणारी बारीक नळी चिरली, तर बाहेर गेलेलं परत येत नाही. टाकी काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा, असा घोळ होतो. नुसती टाकी पाहून समाधान मानणाऱ्यांच्या गाड्या इथेच तापतात. सकाळी वरचा पाईप चपटा, आत ओढल्यासारखा दिसला तर छोटी झडप गेली समजा.

टोपीखालचं रबर कडक झालं असेल, त्यावर रिंगणासारखी खोल खाच पडली असेल, तर टोपी बदला. नवी घेताना जुनीवर छापलेला आकडा पाहून तोच घ्या. ०.९ च्या जागी १.१ ची ‘दमदार’ टोपी लावली तर जुन्या रेडिएटरची शिवण उकलते. काही गाड्यांत रेडिएटरवर टोपीच नसते, दाबाची टोपी थेट टाकीवर असते. तिथे टाकी स्वतः दाबाखाली असते, म्हणून तिच्या जोडावरची आणि तळाची बारीक चीरही तपासा.

उजेडात फेरी: वाळलेला थर कुठे दिसतो

चांगला टॉर्च आणि एक छोटा आरसा घ्या. इंजिन आधी धुऊन घेऊ नका. धुतलं की पुरावाच गेला. वरून खाली या, कारण ओघळ खालीच येतो आणि खालचा भाग उगाच बदनाम होतो.

रेडिएटरमध्ये पाहायची जागा म्हणजे रेडिएटरचीच कडेची प्लॅस्टिकची टाकी आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी जिथे धातूचे दाते वाकवून जोडलेली असतात ती कड. उष्णतेने टाकी ठिसूळ होते, आतलं रबर चेपतं. मग एका-दोन दात्यांच्या फटीत हिरवट-पांढरी भुकटी दिसते. नखाने खरवडली तर वरून कोरडी आणि खाली चिकट. शेजारचे दाते स्वच्छ आणि हे दोनच बरबटलेले, म्हणजे गळती तिथेच. दाते खाली वाकवून घट्ट करण्याचा उपाय फार दिवस टिकत नाही. पितळी-तांब्याचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला डाग (सोल्डर) देऊन देतो. प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरला एपॉक्सी फासून वाट पाहण्यापेक्षा नवा घेतलेला बरा. तळाचा प्लॅस्टिकचा ड्रेन स्क्रूही पाहा, त्याची ओ-रिंग कडक झालेली असते.

पाईप हाताने दाबून पाहा. पिळल्यावर करकर वाजणारा, क्लिपेजवळ फुगलेला, किंवा इंजिन ऑइल लागून लिबलिबीत झालेला पाईप जाणारच. क्लिप खोलून पाईप काढला तर त्याखालची धातूची मान नक्की पाहा. थर्मोस्टॅटच्या (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावरची अ‍ॅल्युमिनियमची मान बोअरच्या पाण्याने खड्डे पडून खाल्लेली असते. वर नवा पाईप आणि नवी क्लिप लावली तरी पाणी खड्ड्यांतून वाट काढतं. बारीक पॉलिश पेपरने मान साफ करा, खड्डे खोल असतील तर घरच बदला. क्लिप मानेच्या फुगवट्याच्या आत बसायला हवी, फुगवट्यावर नाही. आणि स्क्रूची क्लिप आवळता आवळता पाईपात रुतवू नका, रबर कापलं जातं.

वॉटर बॉडीच्या पोटाखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी या भोकातून बाहेर यावं म्हणून. भोकापासून खाली सुकलेला ओघळ, किंवा बेल्टच्या कव्हरवर गोलाकार शिंतोडे, म्हणजे सील गेलं. नुसता हलका डाग असेल तर लक्ष ठेवा. ओघळ ताजा असेल तर थांबू नका. बेल्ट काढून पुली हाताने हलवा. किंचितही डुगडुगली तर बेअरिंगही गेलं. हे भोक बुजवण्याचा ‘इलाज’ कुणी सुचवला तर हात जोडून निघा. ज्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो तिथे पंप बदलताना बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही बदला, कारण मजुरी एकदाच लागते. गळकं कूलंट बेल्टवर पडलं असेल तर तो तसाही टाकायचाच आहे.

कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या गोल वाट्या, आतून गंजतात. एक्झॉस्टच्या मागे किंवा गिअरबॉक्सच्या बाजूला असलेले सहज दिसत नाहीत. तिथे आरसा कामी येतो. गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या सांध्यातून तांबूस थेंब येत असेल तर मागच्या प्लगवर संशय घ्या.

हीटर आपल्याकडे कुणी लावत नाही, त्यामुळे त्याची आठवणही राहत नाही. पण बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डमागच्या त्या छोट्या रेडिएटरमधून कूलंट बारा महिने फिरत असतं. पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचं मॅटिंग ओलं, काचेवर आतून पुसता न जाणारा चिकट धुरकटपणा आणि गोडसर वास, ही त्याची लक्षणं. मॅटिंग वरून कोरडं असतं, खालचा फोम चिंब. बोट आत घालून पाहा. संशय पक्का करायला फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात) जाणारे दोन्ही पाईप काढून एका नळीने एकमेकांना जोडा आणि आठवडाभर वही पाहा. पातळी थांबली तर दोषी सापडला.

इंजिन गार ठेवून दाब द्या

फेरीत काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर. हाताने चालवायचा छोटा पंप, त्यावर दाब दाखवणारं घड्याळ आणि टोपीच्या जागी बसणारे अ‍ॅडॅप्टर. विकत मिळतो, आणि बऱ्या गॅरेजमध्येही असतो.

१. इंजिन पूर्ण गार. कूलंट रेडिएटरच्या तोंडापर्यंत भरा.

२. अ‍ॅडॅप्टर बसवा आणि त्याच्या कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर जोडच नीट बसलेला नाही. उगाच गाडीवर आरोप नको.

३. टोपीवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब हळूहळू भरा. ०.९ ची टोपी तर ०.९ बार, त्याच्या वर अजिबात नाही.

४. पंधरा मिनिटं काटा पाहा आणि टॉर्चने सगळे जोड पुन्हा फिरा. आता ओल वाळणार नाही, कारण इंजिन गार आहे.

काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली तर काम झालं. काटा हलला नाही तर गळती फक्त गरम इंजिनात होते, किंवा दोष टोपीत आहे. त्याच टेस्टरवर टोपीही तपासता येते. काटा उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं, तर आत बघावं लागेल.

टेस्टर नसेल तर इंजिन पंखा दोनदा फिरेपर्यंत आयडलवर तापवा, बंद करा आणि लगेच, पहिल्या दहा मिनिटांत, टॉर्च घेऊन पाहा. पंप थांबल्यावर ब्लॉकमधली उष्णता कूलंटमध्येच साठते आणि दाब तेव्हा चढतो. बारीक जागा याच वेळी फुसफुसते. हात पंख्यापासून दूर.

दुसरा मार्ग रंगाचा. अल्ट्राव्हायोलेट उजेडात चमकणारा डाय बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका, गाडी दोन-तीन दिवस चालवा आणि रात्री अंधारात तसाच टॉर्च मारा. काही कूलंट मुळातच चमकतात, म्हणून डाय टाकण्याआधी एकदा टॉर्च मारून पाहा. डायचा फायदा नागपुरात जास्त: थेंब वाळला तरी चमक राहते.

बाहेर काहीच नाही, तेव्हा

गार इंजिन सुरू केल्यावर एका-दीड मिनिटात वरचा पाईप दगडासारखा कडक होत असेल, तर ते तापल्यामुळे नाही. इतक्यात पाणी तापतच नाही. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. रेडिएटरची टोपी गार असतानाच काढून इंजिन सुरू केलं तर तोंडाशी सतत बुडबुडे येतात. सुरुवातीचे थोडे बुडबुडे हवेचेही असू शकतात, म्हणून खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर वापरावा: निळा द्रव रेडिएटरच्या वाफेत धरला आणि पिवळा पडला तर जळका गॅस आहे.

स्पार्क प्लग काढून शेजारी शेजारी मांडा. तीन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा पांढरा, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातं. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढली किंवा तेल दुधाळ झालं तर गाडी चालवणं बंद. मात्र ऑइलच्या झाकणाखालची थोडीशी मलई पाहून घाबरू नका. पावसाळ्यात आणि रोज दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही जमते. नव्या पद्धतीच्या डिझेल गाड्यांत आणखी एक जागा आहे, ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने गार करणारा भाग. तो आतून फुटला की कूलंट थेट धुराबरोबर जातं, बाहेर काहीच दिसत नाही. हेड खोलण्याआधी तो वेगळा काढून दाब देऊन तपासून घ्या.

हळद, अंडं आणि स्टॉप-लीक

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुगाड हायवेवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि बारीक छिद्र त्याने काही वेळ बंद होतंही. मे-अखेरच्या नवतपात खापा-सावनेरच्या मधे अडकलात, जवळ काही नाही, तर घरापर्यंत पोचायला चालेल. पण तीच हळद रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत चिखल करून बसते. बाटलीतल्या स्टॉप-लीकचंही तेच. टाकलंच असेल तर मिस्त्रीला सांगा आणि दुरुस्तीनंतर सगळं फ्लश करून घ्या. कच्चं अंडं मात्र कुठल्याच परिस्थितीत नको. ते आत सडतं.

भरणं आणि हवा काढणं

छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण साडेतीन ते साडेपाच लिटर बसतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घेतलं तर बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी मिसळा, निम्मं-निम्मं किंवा पुस्तकात लिहिलंय तसं. प्री-मिक्स असेल तर त्यात आणखी पाणी नको. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं म्हणणाऱ्यांच्याच गाड्यांचे कोअर प्लग गंजतात; कूलंट मुख्यतः गंज रोखायला आणि उकळबिंदू वाढवायला आहे. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र करू नका, काहींची आत जेली होते. रंगावर विसंबू नका, बाटलीवरचा प्रकार वाचा.

वर्षानुवर्षं पाण्यावर चाललेल्या गाडीत पहिल्यांदा कूलंट भरलं की गंजाचे थर सुटतात आणि त्यांनीच बुजवलेली छिद्रं उघडी पडतात. लोक म्हणतात, कूलंटने गाडी गळायला लागली. गळती आधीचीच होती, फक्त गंजाने झाकलेली.

भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर करा आणि टोपी उघडी ठेवून इंजिन आयडलवर चालू द्या. वरचा आणि खालचा पाईप अधूनमधून दाबा. बुडबुडे वर येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. खालचा पाईप गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. आता टोपी लावा, पंखा दोनदा फिरू द्या, रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी टाकी पुन्हा रेषेपर्यंत भरा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी बोटभर उतरली तर ती उरलेली हवा आहे. त्यानंतरही उतरत असेल तर प्रेशर टेस्टर पुन्हा लावा.

काढलेलं जुनं कूलंट नालीत किंवा अंगणात ओतू नका. त्याची चव गोडसर असल्याने रस्त्यावरची कुत्री चाटतात आणि त्यांची किडनी जाते. जुन्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा, वर ‘विषारी’ असं लिहा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारून द्या.